ग्रहणाच्या वेळी पाणी चढत होतं की उतरत होतं?

काळयंत्र कसं चालतं, हे कोकणातला श्रोता फारसं विचारत नाही. माणूस दीडशे वर्षं मागे गेला असं श्रुतिकेत, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकात, सांगितलं की तो ते मुकाट्यानं मान्य करतो. पण तो मागे गेलेला माणूस अमावास्येच्या सकाळी विजयदुर्गाच्या तटाखाली उतरला आणि त्याच्या मागे ओहोटीचं मंद पाणी वाजत राहिलं, तर ऐकणाऱ्याचा हात फोनकडे जातो. अमावास्येच्या सकाळी पाणी चढत असतं. देवगड-मालवणकडच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. एकदा तिथे अविश्वास बसला, की पुढे काळयंत्रही खोटं वाटायला लागतं.

इतिहासात घडणाऱ्या विज्ञान श्रुतिकांवरची श्रोत्यांची मतं पहिल्यांदा क्षुल्लक वाटतात. बेडूक का ओरडत नव्हते. ह्येका मालवणी येणा नाय. मधेच आवाज गेलो की काय. कल्पनेबद्दल, विज्ञानाबद्दल कुणी बोलतच नाही, अशी लिहिणाऱ्यांची तक्रार असते. मला ही तक्रार पटत नाही. श्रोता कल्पनेबद्दल बोलत नाही, कारण कल्पना त्यानं केव्हाच स्वीकारलेली असते. तो बोलतो ते त्या कल्पनेच्या खालच्या जमिनीबद्दल. चित्रपटात चूक झाली तर डोळा दुसरीकडे वळतो, पोशाख बघतो, चेहरा बघतो. श्रुतिकेत दुसरीकडे वळायला जागाच नसते. जे ऐकू येतं तेवढंच जग असतं.

हे नीट समजून घ्यायला विजयदुर्गाइतकी चांगली जागा नाही. तिथे एका जागेवर दोन ग्रहणं आहेत, आणि लोकांच्या बोलण्यात त्या दोघांचं एकच ग्रहण झालेलं आहे.

पहिलं १८ ऑगस्ट १८६८ चं. खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा बंगालच्या उपसागराकडे गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, सूर्याच्या कडेच्या ज्वाळा पाहिल्या. त्या ज्वाळांच्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली, तिच्यातून पुढे हेलियमचा शोध लागला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचंही नाव या शोधाला जोडलेलं आहे आणि ते रास्तच आहे. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, तिथून त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली.

दुसरं ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं. त्या वेळी मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले. 'मेलपोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. खलाशांना शिकवून, त्यांची तालीम घेऊन निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला असं अभिमानानं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवसही साजरा होतो. म्हणजे तारीख पहिल्या ग्रहणाची आणि साहेब दुसऱ्या ग्रहणाचा.

इथे श्रोत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या किल्ल्याची गोष्ट का मोडता? दुसरा म्हणतो, चुकीची गोष्ट पुन्हा कशाला ऐकवता? मला दोघांचंही दुखणं खरं वाटतं, आणि काळप्रवासाच्या श्रुतिकेला तरी त्यातलं एक निवडायची सक्ती नाही. पात्राला १८६८ मध्ये उतरवा, त्याला साहेब शोधू द्या, साहेब सापडणार नाही. मग त्याला त्याच दगडावर तीस वर्षं पुढे न्या. लोकांच्या आठवणीत दोन अमावास्या एकमेकींत कशा मिसळल्या, हेच कथेचं यंत्र होऊ शकतं. किल्ल्याचा मान जात नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही. उलट दोन खग्रास ग्रहणांची सावली अंगावरून गेलेला किल्ला, हा मान काही कमी नाही.

फक्त एक अट. 'ऐका, आता १८९८ साल आहे' असं निवेदकानं सांगायचं नाही. ते कानाला कळलं पाहिजे.

त्यासाठी पाण्याचा हिशेब लागतो. किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दुपारची तशीच रात्रीची. दोन भरत्यांमध्ये बारा तास आणि वर साधारण पंचवीस मिनिटं, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आडाखा ढोबळ आहे. मुंबईपेक्षा दक्षिणेला भरती थोडी आधी लागते, हे धरावं लागतं. पण श्रुतिकेला एवढं पुरतं.

सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणजे ग्रहणाच्या दिवशी उधाण ठरलेलं. १८६८ चं ग्रहण सकाळच्या प्रहरातलं. पहाटे ओहोटी संपलेली, सकाळी पाणी चढत चाललेलं, भरती पूर्ण व्हायला अजून वेळ. १८९८ चं ग्रहण ऐन दुपारचं, बारा वाजून गेल्यावरचं. भरती होऊन गेलेली आणि पाणी उतरणीला लागलेलं. एकाच खडकावर उभं राहून ऐकलं तर दोन्ही ग्रहणांचं पाणी वेगळं. चढतं पाणी खडकाच्या कपारीत शिरताना आधी घोट घेतल्यासारखा आवाज करतं, मग आत कोंडलेली हवा फुसकन बाहेर पडते. उतरत्या पाण्यात तो घोट नसतो. लाट मागे जाते तेव्हा कपारीतून ठिबकणं, ओघळणं जास्त ऐकू येतं आणि पुढची लाट तितक्या वर येत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं हे दोन्ही आवाज त्या त्या वेळेलाच जाऊन आणायला हवेत. ओहोटीचं मुद्रण उलटं वाजवून भरती होत नाही. तसं करणारे आहेत, आणि ते कानाला लगेच कळतं.

याच हिशेबात आणखी एक चूक पकडली जाते. ग्रहणाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग, नायक तटावर उभा, आणि संवादात चांदणं. ग्रहणाच्या आदल्या रात्री चांदणं कुठलं? अमावास्येच्या आदली रात्र काळोखीच. लिहिताना हे सहज सुटतं, कारण किल्ला, समुद्र आणि चांदणं हे त्रिकूट लेखणीच्या टोकावर तयारच असतं.

पाण्यानंतर ऋतू. १८६८ चं ग्रहण श्रावणी अमावास्येचं, नारळी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस झालेले. समुद्र कागदावर खुला झालेला, पण निवळलेला नाही. गाज सलग असते, एक लाट संपली आणि दुसरी सुरू झाली असं वेगळं मोजता येत नाही. १८९८ चं पौष अमावास्येचं. जानेवारीत लाटा सुट्या सुट्या येतात, त्यांच्यामध्ये शांतता असते आणि त्या शांततेत लांबची हाक ऐकू येते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारकडे समुद्रावरून खारा. ऑगस्टमध्ये डबक्यांतले बेडूक, पागोळ्या, ओल्या मातीत पाय रुतल्याचा आवाज. जानेवारीत हे काहीच नाही. सुकलेला पाचोळा, कोरडं गवत, पायाखाली करकरणारा जांभा. एवढ्यावर अर्धं काम होतं. बेडूक थांबले आणि पाचोळा वाजला, की श्रोता निवेदकाच्या आधी पौषात पोचतो.

आता घराचं छप्पर. पावसाचा आवाज म्हणून बाजारात जी तयार मुद्रणं मिळतात, त्यांतली बरीच पत्र्यावरच्या पावसाची असतात. १८६८ च्या कोकणात तो ताडताड आवाज आणायचा कुठून? मंगळुरी कौलंसुद्धा तेव्हा नवी. मंगळुरात बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. खेड्यातल्या घरावर गवत, झावळ्या, नाहीतर कुंभाराचे नळे. गवताच्या छपरावर पाऊस जवळजवळ मुका असतो, ऐकू येतात त्या कडेच्या पागोळ्या. हा आवाज घरी करता येतो: सुक्या गवताची वीतभर जाड पेंढी उताराला ठेवायची, झारीनं वरून पाणी सोडायचं, आणि मायक्रोफोन वर न धरता खालच्या कडेशी, पागोळ्या पडतात तिथे, हातभर लांब धरायचा. पागोळ्या मातीवर पडायला हव्यात. बादलीत पाडल्या तर न्हाणीघर ऐकू येतं.

मला सगळ्यात आवडलेली हरकत स्वयंपाकघरातली आहे. ग्रहणाच्या सकाळचा प्रसंग, गावातलं घर, आणि घर उभं करायला म्हणून मागे भाकरी थापल्याचा आवाज. कोकणातली कुठलीही आजी इथे थांबवेल. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. ग्रहण सकाळचं असलं तर आदल्या संध्याकाळपासून, दुपारचं असलं तर मध्यरात्रीपासून. वेधात लहान मुलं, म्हातारी, आजारी माणसं सोडली तर घरात कुणी जेवत नाही. चूल थंड. शिजवलेल्यावर तुळशीपत्र ठेवलेलं. तेव्हा त्या सकाळी घराचा आवाज म्हणजे भाकरीचा नसलेला आवाज. मग घर कशानं उभं करायचं? रहाटाच्या करकरीनं, कळशीच्या तळानं, जपाच्या पुटपुटण्यानं. आणि बाहेर पाखाडीवरून जाणारी हाक: "दे दान, सुटे गिऱ्हाण!" ही एक हाक नीट, लांबून जवळ येत पुन्हा लांब जाणारी घेतली, तर वाद्यवृंदाची गरज राहत नाही.

वाद्यांवरून आठवलं. समुद्र आला की कोळीगीताचा ठेका लावायची सवय मुंबईकडून आलेली आहे. विजयदुर्ग-देवगडच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारा समाज मुख्यतः गाबीत, आंग्र्यांच्या आरमारात ज्यांच्या पूर्वजांनी गलबतं चालवली तो. रत्नागिरीकडे खारवी, दालदी. रायगड-मुंबईकडे कोळी. एका किनाऱ्याचं गाणं दुसऱ्या किनाऱ्यावर चिकटवलं की दोन्हीकडचे लोक दुखावतात. तिथे पार्श्वसंगीत हवंच असेल तर दशावताराचा मृदंग आणि झांज घ्यावी. १८९८ च्या जानेवारीत दशावताराचा हंगामही चालू असतो, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात लांबून येणारा मृदंग कथेतलाच होतो. १८६८ च्या श्रावणात मात्र तो वाजवू नये. पावसात जत्रा कुठल्या?

भाषेबद्दलची मतं सर्वांत तीव्र असतात, आणि असायलाच हवीत. मालवणी बोलणारं पात्र म्हणजे विनोदी नोकर, आणि विज्ञान कळणारं पात्र म्हणजे पुण्याची मराठी, ही वाटणी श्रोत्यांना मनापासून खटकते. मलाही. वाऱ्याची दिशा, पाण्याची खोली, ताऱ्यावरून वेळ, हे सगळं ज्ञान त्या किनाऱ्यावर मालवणीतच बोललं जात होतं. तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, "पाणी चडता हा, हयसर थांबा नको" असं म्हणतो तेव्हा तो हसवत नसतो, इशारा देत असतो. नटाला मालवणी येत नसेल तर त्याला ती अर्धवट बोलायला लावू नये. साधी मराठी बोलू द्यावी आणि हेल मात्र कुठलाच घेऊ नये. शब्द मालवणी आणि हेल मराठी मालिकांचा, हे मिश्रण सगळ्यांत वाईट. दुसरी गोष्ट, प्रत्येक वाक्याला 'रे', 'गो', 'मेल्या' लावून मालवणी होत नाही. ती क्रियापदाच्या रूपात असते, 'माका-तुका'त असते आणि वाक्य कुठे संपवायचं त्या ओढीत असते.

जुनी भाषा हा वेगळा पेच. १८६८ चं पात्र हुबेहूब तेव्हाच्या भाषेत बोललं तर कुणी पाच मिनिटं ऐकणार नाही. आजचं बोललं तर काळ उभा राहत नाही. मधला मार्ग असा, की वाक्य आजचं ठेवायचं आणि त्या काळी नसलेले शब्द काढून टाकायचे. 'दिनांक' हा शब्द १८६८ च्या माणसाच्या तोंडी आला, की जाणता श्रोता तो कितव्या मिनिटाला आला ते लिहून ठेवतो. 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द सावरकरांनी रूढ केलेले, म्हणजे विसाव्या शतकातले. तारीख म्हणावं, तिथी म्हणावं. मिनिटांऐवजी घटका-पळं म्हणावीत: घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं. कोकणातला १८६८ चा खग्रास काळ पाच मिनिटांच्या आसपास होता, म्हणजे बारा-तेरा पळं. "बारा पळं काळोख" हे तीन शब्द कानाला जे देतात ते "पाच मिनिटांचं खग्रास ग्रहण" देत नाही.

घड्याळाचीही एक मेख आहे, ती लेखकाला बहुतेक वेळा सांगावी लागते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चालायची. विजयदुर्गाची स्थानिक वेळ आजच्या घड्याळापेक्षा साधारण सदतीस मिनिटं मागे. ग्रहणाच्या जुन्या वेळा आजच्या संगणकीय तक्त्यातून काढल्या आणि तशाच पात्राच्या तोंडी घातल्या, तर सगळी निरीक्षणं अर्ध्या तासाहून जास्त पुढे जातात. श्रोत्यांपैकी एखाद्या गणिताच्या शिक्षकाला हे कळतं आणि त्याचं पत्र येतं. अशा पत्राला उत्तर द्यायचंच.

विज्ञानाच्या अंगानं सगळ्यांत मोठी चूक त्या पिवळ्या रेषेची. वर्णपटदर्शकाला डोळा लावलेला माणूस १८ ऑगस्टलाच ओरडतो, "नवं मूलद्रव्य!" नाट्य छान, पण तसं झालेलं नाही. मिठातल्या सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९ नॅनोमीटरला आहेत आणि ही नवी रेषा ५८७.६ ला. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. त्या दिवशी पाहणाऱ्यांना ती सोडियमचीच वाटणं अगदी स्वाभाविक होतं. ती वेगळी आहे हे नंतर, शांतपणे मोजल्यावर कळलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, तो विल्यम रॅमसे यांनी वेगळा केला. म्हणजे १८६८ मध्ये हेलियम कुणालाच ठाऊक नाही आणि १८९८ मध्ये तो प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झालेली आहेत. भविष्यातून आलेल्या पात्राला हे माहीत असतं, समोरच्याला नसतं. "ती रेष पुन्हा बघा, मिठाची नाही ती," एवढंच तो कुजबुजतो आणि समोरचा "मिठाचीच," म्हणून वहीत लिहितो. ओरडण्यापेक्षा हे कानाला जास्त लागतं.

प्रकाशाची गोष्ट आवाजात कशी सांगायची, ही तक्रारही येते. 'तो बघ', 'हे बघ' म्हणणारी पात्रं श्रोत्याला बाहेर उभं करतात. दिसणारं वर्णन करण्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टीनं काय आवाज बदलला ते द्यावं. सूर्य झाकत जातो तसे आधी कावळे घराकडे वळतात, मग चिमण्या गप्प होतात, वारा पडतो, मग रातकिडे सुरू होतात. १८९८ साठी तर तयार देणगीच आहे. त्या काळच्या ग्रहण-मोहिमांत खग्रास स्थितीचे उरलेले सेकंद एक जण मोठ्यानं मोजून सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना दुर्बिणीवरून डोळा काढावा लागत नसे. विजयदुर्गला ती वेळ दोन मिनिटांच्या आसपास होती. दोन मिनिटं प्रत्यक्ष वेळेत, न कापता, फक्त मोजणारा आवाज, कॅमेऱ्यातल्या काचा सरकल्याचे खटके आणि उतरतं पाणी. मला वाटतं, श्रुतिका या प्रकारासाठीच हा प्रसंग राखून ठेवलेला आहे.

मतं गोळा कशी करायची, तेही सांगायला हवं, कारण "आवडलं का?" असं विचारलं तर कोकणात उत्तर "बरा आसा" एवढंच येतं आणि त्यातून काही निघत नाही. सहा ते आठ माणसं पुरतात. त्यांत एक समुद्रावर जाणारं, एक सत्तरीपुढचं, एक कानात इअरफोन घालून ऐकणारं तरुण, एक काम करता करता ऐकणारं. संहिता हातात द्यायची नाही. न थांबवता ऐकू द्यायचं. समोर कागद, आणि जिथे कान सुटला तिथे फक्त मिनिट लिहायला सांगायचं. कारण नंतर विचारायचं. तीन प्रश्न पुरे: कोण बोलतंय हे कुठे कळेना? आपण कुठे आहोत हे कुठे कळेना? हे खोटं आहे असं कुठे वाटलं? दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला गोष्ट सांगायला लावायची. जे पात्र त्याच्या सांगण्यातून गळलं ते श्रुतिकेतही गळलेलंच आहे.

कागद जुळवताना आवडीनिवडीत बहुमत बघायचं. एकाला संगीत जास्त वाटलं तर सोडून द्यावं, तिघांना वाटलं तर कमी करावं. पाणी, वारा, तिथी, भाषा यांत मात्र एका जाणत्याचं मत सगळ्यांवर भारी. सात जणांना ओहोटी खटकली नाही आणि एका तांडेलाला खटकली, तर ओहोटी बदलायची.

'कोण बोलतंय कळेना' ही खूण जवळजवळ प्रत्येक कागदावर असते. कारण ठरलेलं: एका प्रसंगात साधारण एकाच पट्टीचे तीन-चार पुरुष. इतिहासाच्या श्रुतिकेत हे हमखास होतं, कारण किल्ला, आरमार, साहेब, सगळे पुरुष. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त बोलणारे नकोत, पट्ट्या वेगळ्या हव्यात, आणि पहिल्या दोन वाक्यांत नाव घेऊन हाक हवी. किनाऱ्यावर हाक मारतातच, त्यामुळे ती कृत्रिमही वाटत नाही. मासे विकणारी, पाणी भरणारी, वेधात घर सांभाळणारी बाई कथेत आणली तर आवाजाचा प्रश्नही सुटतो आणि इतिहासातला एक मोठा खड्डाही थोडा भरतो.

दुसरी नेहमीची खूण आवाजाच्या पातळीची. निवांत बसून, चांगल्या यंत्रावर ऐकणारे थोडे. बाकीचे एसटीत, मिक्सर चालू असताना, फोनच्या छोट्या कर्ण्यावर. फोनच्या कर्ण्यातून खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे तोफेचा 'धडाम' नाहीसा होतो आणि श्रोता म्हणतो, "तोफ उडाली म्हणतात, पण मला कळलं नाही." तोफेला मधल्या पट्टीतला कडाका द्यावा लागतो, वातीची फसफस द्यावी लागते आणि तटावरून परत आलेला प्रतिध्वनी द्यावा लागतो. गलबत किलोमीटरभर लांब असेल तर "जाळ दिसला!" आणि आवाज यांत तीन सेकंद सोडावेत. ध्वनी तेवढ्या वेळात येतो, आणि त्या तीन सेकंदांत भीती मावते.

पाऊस आणि गाज तर शब्दांचे शत्रूच. दोन्ही आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेले, आणि क, त, स, श या व्यंजनांची धार नेमकी त्यांतच बुडते. प्रसंगाच्या सुरुवातीला पाच-सहा सेकंद गाज मोठी ठेवावी, पहिलं वाक्य आलं की ती संवादापेक्षा पंधरा ते वीस डेसिबल खाली न्यावी, आणि वाक्यांच्या फटीत हळूच वर आणावी. वीस सेकंदांचा लाटेचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडू नये. तिसऱ्या फेरीला कानाला तीच लाट ओळखू येते. तीन-चार मिनिटांची दोन मुद्रणं एकमेकांवर, थोडी पुढेमागे ठेवली की ते टळतं. समुद्रावर मुद्रण करताना वारा थेट मायक्रोफोनवर येऊ देऊ नये, भिंतीच्या आडोशाला बसावं, केसाळ वेष्टण घालावं आणि ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापावं. मग कानात इअरफोन घालून पूर्ण एक मिनिट ऐकावं, कारण ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाची घरघर लांबून येते आणि उघड्या कानाला ती समुद्रातच मिसळून गेलेली असते. १८६८ च्या खाडीत ती घरघर गेली, की सगळं गेलं.

राहिली शांतता. खग्रास क्षणी सगळा आवाज शून्यावर आणायचा मोह प्रत्येकाला होतो. तीन-चार सेकंदांत श्रोता फोन हातात घेऊन बघतो, बॅटरी गेली की काय. शून्य ही शांतता नसते. शांतता एकेक आवाज काढून घेत करायची: कावळे, मग माणसं, मग वारा. आणि पाणी काढायचं नाही. समुद्र ग्रहणासाठी थांबत नाही, उलट त्याच ओळीत उभे राहिलेले चंद्र-सूर्य त्याला ओढत असतात. ही सूचना श्रोत्यांच्या कागदांवर वेगवेगळ्या शब्दांत येते: "काळोखात दर्या गप्प कसो?"

त्या काळोखातच १८६८ मधून १८९८ मध्ये जाता येतं. पहिल्या ग्रहणाचे रातकिडे हळूहळू विरतात, दूरची "दे दान" बंद होते. थोडा वेळ फक्त कपारीतलं पाणी राहतं, घोट घेणारं, चढणारं. मग एक लाट नेहमीपेक्षा लांब मागे जाते, दगडावरून ओघळत राहते आणि पुढची तितकी वर येत नाही. कुणीतरी परक्या उच्चारात आकडे मोजायला लागतं.